ताकाएवढा पातळ

ट्रकची ट्यूब हवा भरून टम्म फुगवली की माझ्या कमरेच्या वर यायची. सोलापूर रोडच्या पंक्चरवाल्याकडून ती भरून घ्यायची आणि चाकासारखी ढकलत आमच्या गल्लीपर्यंत आणायची, हे त्या उन्हाळ्यात माझं रोजचं काम झालं होतं. लग्नाच्या वयाची पोरगी, पदर खोचलेला, आणि पुढं घरंगळत चाललेली काळी ट्यूब. पानपट्टीवर बसलेल्यांना फुकटची करमणूक. "सुमे, गाडी कवा घेतलीस गं? नुसतं चाकच दिसायलंय," असं कुणीतरी हमखास म्हणायचं. "बाकीची गाडी तुजा सासरा देणार हाय," असं मीही तोंडावर फेकायची आणि पुढं चालू लागायची. तोंडाळ म्हणून माझं नाव आधीच झालेलं होतं, त्यात आणखी काय बिघडणार होतं? पण मान वर करून चालत असले तरी पाय भरभर उचलायची. त्या ट्यूबमधली हवा कशासाठी होती हे कुणाला कळलं असतं, तर आमच्या अण्णांची नोकरी गेली असती.

अण्णा म्हणजे माझे वडील. धाराशिवातल्या एका संस्थेच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. शिकवायचे खरे, पण कायम नव्हते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की संस्था त्यांना मोकळं करायची आणि जून उजाडला की परत बोलवायची, आणि आमचं अख्खं घर दर वर्षी मे महिनाभर जीव मुठीत धरून बसायचं. संस्थेचे चेअरमन पिकल्या मिशांचे, धोतर-टोपीतले शेतकरी गृहस्थ होते. त्या काळात आमच्याकडं जो तो सहकारी काहीतरी काढत होता, तशी त्यांनी सूतगिरणी काढायला घेतली होती. दुष्काळानं शेतं भाजून निघालेली, माणसं खडी फोडायला रस्त्यावर बसलेली, अशात गिरणी निघाली तर पोरांना काम मिळेल, असं ते पोटतिडकीनं सांगायचे. भूमिपूजनाला मोठे पाव्हणे यायचे होते. "मास्तर, नकाशा कुणाला कळत न्हाय," ते अण्णांना म्हणाले होते, "गिरणी डोळ्याला दिसली पायजे. तुमी मॉडेल करा. औंदा तुमाला कायम करायचं माझ्याकडं लागलं." त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि नेमका अण्णांचा उजवा हात कापत होता. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आधी अंगठा, मग मनगट. थांबवायला गेलं की जास्तच. सोलापूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पण हा आजार बरा होणारा नाही, वाढत जाणारा आहे, असंही सांगून टाकलं. हे मला, मायला आणि अण्णांना, एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं. वर्गात ते हात पाठीमागं बांधून उभे राहत, फळ्यावर पोरांकडून काढून घेत आणि वरून म्हणत, "तुमाला शिकायचंय का मला?" पोरांना ते कडक मास्तर वाटत. पण ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही, असा चित्रकलेचा मास्तर कुठली संस्था कायम करील? एकदा कायम झाले की पुढं काही झालं तरी कुणी सहजासहजी काढू शकणार नव्हतं. मधले तेवढे दिवस लपवायचं होतं. म्हणून हात माझे आणि नजर अण्णांची, असं ठरलं. मी लहानपणापासून त्यांच्यासोबत पाट्या रंगवलेल्या होत्या, त्यामुळं माझा हात बसलेला होता. पण पाटी वेगळी आणि ही हातभर लांबीची गिरणी वेगळी.

इमारतीचं अंग थर्माकोलचं, वरून जाड कार्डशीट चिकटवलेली. नेहमीचा ऑइलपेंट लावायची सोय नव्हती, कारण त्यातलं थिनर थर्माकोलला लागलं की थर्माकोल खड्डे पडून विरघळतं. ब्रशनं मारलं तर ब्रशचे ओरखडे भिंतीभर दिसतात आणि एवढीशी भिंत मग भिंत वाटत नाही, सारवलेला ओटा वाटते. गिरणीच्या पुण्याच्या इंजिनियरनं म्हणून ॲक्रिलिक रंगाच्या चार-पाच बाटल्या पाठवून दिल्या होत्या. हा रंग पाण्यात मिसळतो. एकदा संपला असता तर धाराशिवात काय, सोलापुरातही मिळाला नसता. फवारायला एअरब्रश दिला करीमचाच्यानं. त्याचा फोटो स्टुडिओ होता, अण्णांची त्याची जुनी दोस्ती. फोटोतल्या नवऱ्यामुलीच्या गालावर गुलाबी छटा मारायचं ते यंत्र, जाड पेनाएवढं, आणि त्याला हवा पुरवायला ट्रकची ट्यूब. स्टुडिओ आता बंद पडल्यातच जमा होता. दुष्काळात फोटो कोण काढून घेतो?

पहिला धडा चाच्याच्या स्टुडिओतच झाला. एअरब्रशचं सगळं मर्म रंग पातळ करण्यात आहे. घट्ट राहिला तर तोटीत अडकतो आणि थुंकल्यासारखा उडतो, फार पातळ झाला तर भिंतीवरून ओघळतो. अण्णा खुर्चीत बसून सांगायचे आणि मी वाटीत थेंबथेंब पाणी टाकत ढवळायची. "दह्याएवढा न्हाय, दुधाएवढा न्हाय. ताकाएवढा. तुज्या मायच्या हातच्या ताकाएवढा." वाटी तिरकी करायची, रंग कडेवरून खाली सरकला पाहिजे आणि मागं पातळ पडदा राहिला पाहिजे. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा, एक वीत अंतर धरून हात न थांबवता न्यायचा आणि बाहेरच संपवायचा. ट्यूबमधली हवा कमी झाली की रंग आणखी थोडा पातळ करायचा. आता माझ्याकडं विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आहे, रंग पातळ करायचं तयार द्रावण बाटलीत येतं, त्यावर प्रमाण छापलेलं असतं. हाताखालच्या मुलींना मी तरीही वाटी तिरकी करायला लावते. त्या वैतागतात. वैतागू देत.

स्टुडिओत मी जुन्या पुठ्ठ्यावर तीन-चार हात मारले आणि रंग असा बसला की जणू पुठ्ठा त्याच रंगाचा जन्मला होता. चाचा म्हणाला, "मास्तर, बेटी का हाथ तो तुमसे भी अच्छा है." अण्णा हसले. त्या उन्हाळ्यात ते फारच कमी हसले, म्हणून ते लक्षात राहिलं आहे.

मॉडेल मात्र घरीच करायचं होतं. स्टुडिओ रस्त्यावर, येणारेजाणारे डोकावणार, आणि एअरब्रश कुणाच्या हातात आहे ते दिसणार. म्हणून ट्यूब घरी. घर म्हणजे पुढची एक खोली आणि मागं स्वैपाकाची. सकाळी ऊन चढायच्या आत काम करावं लागायचं, नाहीतर रंग तोटीतच वाळायचा. त्याच वेळेला बाहेर घागरींचा खणखणाट सुरू व्हायचा, कारण टँकर यायचा. टँकर आधी वरच्या गल्ल्यांना जायचा, पेठेला जायचा, आणि आमच्या जयभीम गल्लीला सगळ्यात शेवटी. का शेवटी, हे आम्ही विचारायचं नसतं आणि कुणी सांगायचं नसतं. तळ्याचा तळ खरवडून आणलेलं पाणी, त्यातही टँकरच्या बुडाचं आमच्या वाट्याला. घागरीत चहासारखं दिसायचं. माय ते माठात ओतायची आणि तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात गरागरा फिरवायची. इतर बायका दोन वेढे देत, माय पाण्याचा तळ दिसेपर्यंत हात थांबवायची नाही. बहात्तर सालच्या दुष्काळात तिचं पहिलं मूल हगवणीनं गेलं होतं. तेव्हापासून तिच्या दृष्टीनं गढूळ पाणी म्हणजे वीषच. माठावर तिचा पहारा असायचा. आंघोळीचं पाणी झाडाला, आणि भांडी घासायची ती राखेनं कोरडीच. जेवायला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि भाकर, तीही निम्मी. तिखटाचा गोळा तेवढा भरपूर, कारण तिखटानं भूक भागल्यासारखी वाटते. पाणी मात्र जास्त लागतं, म्हणून माय तोही हात राखून वाढायची.

गिरणीच्या मुख्य इमारतीवर पहिला हात मारायचा दिवस उजाडला. भूमिपूजन जवळ आलं होतं. मी माठातलं नितळ, काचेसारखं पाणी वाटीत घेतलं, पांढऱ्या रंगात थोडा पिवळा मिसळला, पातळ केला, गाळला आणि फवारा सुरू केला. अर्धी भिंत झाली आणि एअरब्रश खोकायला लागला. फुस्स, थू, फुस्स, थू. भिंतीवर बारीक बारीक गोळ्या उडाल्या, देवीचे वण उठावेत तशा. मी तोटी सोडवून साफ केली, पुन्हा रंग कालवला. तेच. वाटीत पाहिलं तर रंग फाटलेला, नासलेल्या दुधासारखा चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. आणखी पाणी घातलं तर आणखीच फाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. पांढऱ्या रंगाची बाटली निम्म्याच्या खाली गेली आणि गिरणीची दर्शनी भिंत खरजुल्या कुत्र्यासारखी दिसायला लागली.

मला वाटलं रंगच उन्हानं खराब झाला. अण्णांना तसं वाटलं नाही, आणि तेच भयंकर होतं. त्यांना वाटलं की आपलंच डोकं गेलं. "किती थेंब म्हणलं होतं म्या?" ते परत परत विचारायचे. मी सांगायची. "मग बरोबर हाय. मग का फाटतंय?" जन्मभर रंग कालवलेला माणूस. हात गेला तरी अंदाज शाबूत आहे, एवढ्यावर ते तग धरून होते. आता तो अंदाजही गेला असं त्यांच्या मनानं घेतलं. आजार हातातून वर चढत चढत डोक्यात शिरला, असं ते मायला म्हणाले. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जेवायला उठवलं तर "भूक न्हाय." तिसऱ्या दिवशी उठून शर्ट चढवायला लागले. बटणं लागेनात. माय लावायला गेली तर तिचा हात झटकून म्हणाले, "चेअरमनसाहेबाला सांगून येतो. दुसरा माणूस बघा म्हणतो. उगं त्यांचं काम कशाला खोळंबवायचं."

"अन् आमी काय करायचं?" माय म्हणाली. ती ओरडली नाही. "म्या खडी फोडायला जाते, माजं काय न्हाय. हिला बी संगं नेऊ? बोला की."

अण्णांनी बटणांवरचे हात खाली घेतले. उघड्या शर्टानं तसेच खाटेवर बसले. मी तेव्हा देवाला मानत नव्हते, आजही मानत नाही. पण त्या दिवशी कुणाचे तरी पाय धरावेत असं मला फार वाटलं आणि धरायला कुणीच नव्हतं.

माय वळली आणि सवयीनं माठाशी जाऊन बसली. टँकर नुकताच येऊन गेला होता. तिनं तुरटीचा खडा पाण्यात धरला आणि फिरवायला लागली. मी शेजारी बसून नुसती बघत होते, डोळ्यांत पाणी होतं म्हणून नीट दिसतही नव्हतं. माठातला गढूळपणा हळूहळू एका जागी गोळा व्हायला लागला. त्याचे बारीक पुंजके झाले आणि पुंजके खाली बसायला लागले. वर नितळ पाणी, खाली चोथा. मी दचकले. हेच मी तीन दिवस वाटीत बघितलं होतं. तुरटी पाण्यातला गाळ गोळा करते, मग ती रंगालासुद्धा गोळा करत असेल तर? स्टुडिओत रंग फाटला नव्हता. तिथलं पाणी चाच्याच्या फोटो धुवायच्या बाटलीतलं होतं, गॅरेजवरून आणलेलं बॅटरीचं पाणी, म्हणजे वाफेपासून केलेलं शुद्ध पाणी. त्यातलंच थोडंसं तोटी साफ करायला त्यानं मला औषधाच्या बाटलीत दिलं होतं आणि ते घरात फळीवर पडून होतं.

मी दोन वाट्या घेतल्या. एकीत माठातलं पाणी, दुसरीत बाटलीतलं. दोन्हीत नखभर रंग टाकून ढवळला. पहिली वाटी माझ्यादेखत फाटली. दुसरी तिरकी केली, तर रंग कडेवरून सावकाश खाली सरकला आणि मागं पातळ पडदा राहिला. "अण्णा!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारची म्हातारी दारात आली. अण्णांनी दोन्ही वाट्या पाहिल्या. मग दुसऱ्या वाटीत बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं आणि बोट कापत असतानाच म्हणाले, "ताकाएवढा." आणि लहान पोरासारखे रडले. "म्हंजी माजं डोकं ठीक हाय, सुमे. डोकं ठीक हाय माजं." मायला मात्र आनंद व्हायच्या आधी राग आला. "मग काय म्या गढूळ पाजत बसू तुमाला? तुरटीला नावं ठिवू नगा," असं म्हणून तिनं खडा जोरात फळीवर आपटला, आणि मग तीही पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी तशीच चाच्याकडं गेले. दुष्काळात कुणाकडं पाणी मागायचं म्हणजे त्याच्या ताटातलं मागितल्यासारखं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी दारातच सांगितलं, "चाचा, बॅटरीचं पानी पायजे. सगळं." चाच्यानं कपाटातल्या होत्या नव्हत्या त्या बाटल्या पिशवीत घातल्या. "ले जा. फोटो तो वैसे भी कोई नहीं निकाल रहा," म्हणाला. खरजुल्या भिंतीची कार्डशीट मी सोलून काढली, नवी कापली, चिकटवली. उरलेला रंग जेमतेम पुरेल असा होता, म्हणून एकही हात वाया घालवायची सोय नव्हती. अण्णा शेजारी बसून हलक्या आवाजात सांगत, "आता बाहेरून ये. थांबू नको. जा, जा, जा. बास." भिंती फिकट पिवळ्या झाल्या, पत्रे राखी, खिडक्यांच्या वर सावलीची बारीक छटा. भोवती गवत हिरवं केलं. तसं गवत आम्ही दोन वर्षांत पाहिलेलं नव्हतं, आठवून आठवून केलं. शेवटचा हात मारला तेव्हा पांढऱ्याच्या बाटलीत चमचाभरही उरला नव्हता.

चेअरमनसाहेब जीप घेऊन सकाळीच आले. आम्ही सगळं ठरवून ठेवलं होतं. अण्णा हात पाठीमागं बांधून उभे राहणार, मी चहा देणार, मॉडेल उचलून दोन माणसं नेणार. साहेब गिरणीपुढं उकिडवे बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. खिडक्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाले, "मास्तर, आता नुसता भोंगा वाजायचा ऱ्हायलाय." माझ्या जिवात जीव आला. ते उठले, आणि उठता उठता मॉडेलच्या पुढच्या कोऱ्या पट्टीकडं बोट करून म्हणाले, "हितं नाव घाला की. पाव्हणे इचारत्याल कुणी केलं म्हणून."

"ऱ्हाऊ द्या, साहेब," अण्णा म्हणाले.

"असं कसं? करनाराचं नाव पायजेच. घाला, माज्यासमोर घाला." आणि साहेबांनी स्वतः वाटीतला बारीक ब्रश उचलून अण्णांच्या पुढं धरला. प्रेमानंच धरला. मोठ्या माणसानं दिलेली वस्तू नको कशी म्हणायची? अण्णांनी पाठीमागचा हात पुढं घेतला. ब्रशचं टोक पट्टीवर नाचायला लागलं, अक्षर काही उमटेना. मी पुढं झाले. "अण्णा, तुमी चष्मा आणला न्हाय. मी घालते."

"चष्मा डोळ्यावरच हाय, सुमे," ते म्हणाले. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि साहेबांकडं बघितलं. "साहेब, माजा हात आता चालत न्हाय. दिवाळीपासनं. ह्यातलं एक बी काम माज्या हातचं न्हाय. समदं हिनं केलंय. नाव हिचं घालायचं."

मी ब्रश घेतला आणि अण्णांचं नाव लिहिलं. त्यांच्याच वळणाचं, त्यांनीच शिकवलेलं. माझ्या मनात एकच होतं, नाव त्यांचं राहिलं तर अजून काहीतरी वाचेल. अण्णांनी वाकून वाचलं. "चुकलं," वर्गात म्हणायचे तसं म्हणाले, "पूस." मी हललेच नाही. "वाळायच्या आत पूस." मी ओल्या फडक्यानं वडिलांचं नाव पुसलं आणि त्या जागी माझं लिहिलं. आयुष्यात पुढं मी कितीतरी मॉडेलांवर नाव घातलं, पण हात एवढा जड कधीच झाला नाही.

साहेबांनी टोपी घातली. "मास्तर, तुमी खरं बोललात. आता संस्थेच्या मीटिंगीत म्या बी खोटं कसं बोलू?" एवढंच म्हणाले आणि खाली मान घालून निघाले. माणूस वाईट नव्हता. जूनमध्ये अण्णांच्या जागी दुसरे मास्तर आले, कायम म्हणून.

जीप मॉडेल गोधडीत गुंडाळून घेऊन गेली. अण्णा उंबऱ्यावर बसले. मी रंगाच्या वाट्या गोळा करून आत ठेवल्या. मग ते म्हणाले, "सुमे, पाणी दे." मी माठातून भांडं भरून आणलं आणि पुढं केलं. त्यांनी हात उचलला नाही. "तू पाज. माज्या हातनं निम्मं सांडतं. पाणी सांडून कसं चालंल?" मी भांडं त्यांच्या ओठाला लावलं. ते घटाघटा प्याले, मधे श्वाससुद्धा घेतला नाही. त्यांचा गळा वरखाली होत होता आणि मी आठवत होते, आमच्यासमोर अण्णा शेवटचं पाणी कधी प्याले होते. आठवेना. माय दारात उभी होती, तिलाही आठवत नसावं, कारण तिचं तोंड पांढरं पडलं होतं. भांडं रिकामं झालं. "आणखी," ते म्हणाले. मी पुन्हा भरून आणलं, मग पुन्हा. माठाच्या तळाला भांडं खरवडल्याचा आवाज आला, तरी मायनं मला थांब म्हटलं नाही.